तळाला लावलेला साबण

६ जानेवारी

वहिनी,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं यात पाव तास गेला. पूर्वी 'सौ. वहिनीस' लिहायचो. आता नुसतं 'वहिनी' लिहिलं आहे. चुकलं असेल तर सांगा, पुढच्या पत्रात सुधारतो.

बेटावर सुखरूप पोचलो. म्हणजे मी सुखरूप आहे, सकाळचा नाश्ता वाटेत माशांना दिला. समुद्राचा तळ तपासायला आलेल्या माणसाला बोट लागते, ही बातमी माझ्याआधी धक्क्यावर उतरली होती. एक आजी लिंबू घेऊन उभ्याच होत्या. म्हणाल्या, "तुझ्या भावाला नाही हो लागायची." बारा वर्षं झाली तरी दादा लक्षात आहे इथे. आयुष्यभर मी रस्त्यांची मोजणी केली. रस्ता हलत नाही, हे केवढं सुख होतं ते आता कळतंय.

खोली जाळ्यांच्या गोदामावर आहे. एक खाट, एक टेबल, आणि तीन पायांवर उभी राहणारी चार पायांची खुर्ची. फोन लागतो, पण टेकडीवरच्या टाकीच्या शिडीवर चढून, आणि तिथे वारा एवढा की आपलंच आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून बरण्यांच्या पेटीत पत्र ठेवतो. पेटी आठवड्यातून दोनदा बोटीने निघते आणि थेट तुमच्या प्रयोगशाळेत येते. टपालापेक्षा बरं.

बोट चालवणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे 'कप्तान' म्हणतात. बोट दोन खाटांएवढी आहे, पण रुबाब जहाजाचा. दादालाही यानेच फिरवलं होतं. कामाची रीत आता हातात बसली आहे. ठिकाणावर पोचलो की आधी पाणी बघायचं. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की किती मीटर ते लिहायचं. मग तापमान, खारेपणा, तळाजवळचा प्रवाह. शेवटी ग्रॅब. कप्तान तिला मगर म्हणतो, कारण ती जबडा उघडा ठेवून खाली जाते आणि तळाचा एक घास घेऊन तोंड मिटून वर येते. घास बरणीत, बरणीवर नंबर, की पुढचं ठिकाण.

एकूण बावीस ठिकाणं, त्यातली आठ झाली. दादाने तेव्हा केलेल्या तळाच्या नकाशाची प्रत मांडीवर घेऊन बसतो. त्याने 'बारीक वाळू, शिंपल्यांचे तुकडे' लिहिलं असेल तर मगरीच्या तोंडात बारीक वाळू आणि शिंपल्यांचे तुकडेच. जणू काल येऊन ठेवून गेला आहे. कप्तानला म्हटलं, आमचा दादा बिनचूक माणूस. तो म्हणाला, "हां," आणि विडी पेटवली.

आईला सांगा, धाकटा जेवतो. ते पोटात राहतं की नाही हे सांगू नका.

तुमचा
भाऊजी


१० जानेवारी

भाऊजी,

नुसतं 'वहिनी' चालेल.

पेटी मिळाली. तीन नंबरच्या बरणीचं झाकण तिरपं लागलं होतं आणि गाळाचं पाणी तुमच्या पत्रावर आलं. 'आयुष्यभर रस्त्यांची' इथपर्यंत मजकूर करडा आहे, पण वाचता आला. पुढच्या वेळी झाकण लावून बरणी उलटी करून बघा.

एक ते आठ चाळून झाले. सगळे यांच्या नोंदीशी जुळतात. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. पण बावीसच्या बावीस जुळू देत." पाण्याची पाइप यांच्या नकाशावरूनच आखलेली आहे, दक्षिणेकडून, सोळा ते बावीस नंबरांच्या मऊ चिखलातून, म्हणजे पुरायला सोपी. साहेबांचं म्हणणं असं की एक जरी नोंद चुकलेली निघाली तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? मग तो नकाशा कपाटात आणि सगळं मोजमाप नव्याने. त्यांचंही बरोबर आहे. पाइप एकदा पुरली की बेटाचं पिणं तिच्यावर.

नकाशा अजून आमच्या वऱ्हांड्यात, भिंतीवर आहे. मी डबा त्याच्यासमोरच्या बाकावर खाते. बारा वर्षं या प्रयोगशाळेत आहे, पण तिथे बसायला चौदा महिन्यांपूर्वी लागले. कोपऱ्यात यांचं नाव आहे. काचेवर धूळ बसते तेव्हा पुसते. बाकी काही नाही.

तुमच्या बॅगेत साबणाच्या दोन वड्या घातल्या आहेत. एक तरी परत आणा. हे त्या बेटावर गेले होते तेव्हा मी हिरव्या साबणाच्या तीन वड्या दिल्या होत्या, नऊ दिवसांसाठी. एकही परत आली नाही. अंगाला तर मासळीचा वास. विचारलं, साबण कुठे गेला? तर म्हणाले, "समुद्राच्या तळाला लावून आलो." असं काहीतरी बोलायचे आणि आपणच हसायचे. मी नाही हसले तेव्हा. तीन वड्या गेल्या होत्या.

आई ठीक आहेत. स्वयंपाकघराच्या दाराला टेकू म्हणून ठेवलेल्या शिशाच्या गोळ्यावर त्यांना परवा पुन्हा ठेच लागली. "हा मोठ्याने आणून ठेवलेला धोंडा माझ्या मुळावर उठलाय," म्हणाल्या, आणि पायाने सरकवून पुन्हा दाराला लावला. तुम्हाला निरोप आहे की बोटीत मध्यभागी बसायचं, कडेला नाही, आणि क्षितिजाकडे बघायचं. हे त्यांना कुठून कळलं माहीत नाही. त्या बोटीत कधी बसलेल्या नाहीत.

वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

पेटीत नऊ ते सतरा आहेत. झाकणं सगळी उलटी करून बघितली. पाण्याचा तक्ता वेगळ्या पाकिटात ठेवला आहे, म्हणजे भिजणार नाही.

आईचा उपाय लागू पडला. मध्यभागी बसलो, क्षितिजाकडे बघितलं. क्षितिजच वरखाली होत होतं, तरी पोट जागेवर राहिलं. कप्तानने टाळ्या वाजवल्या.

हवा फार छान आहे. ऊन कोवळं, पाणी निळंशार. इथे एक मांजर आहे, ती मी धक्क्यावर आलो की उठून बसते. पोट जागेवर राहत नव्हतं त्या दिवसांत माझ्याकडून तिला बरंच मिळालं असावं. खुर्चीच्या चौथ्या पायाखाली लाकडाची चकती ठोकली. आता पायऱ्यांच्या कठड्याचं बघतो आहे.

काम व्यवस्थित चाललं आहे. सतरा नंबरलाही दादाने लिहिल्याप्रमाणेच मऊ चिखल. सतराबद्दल तसं विशेष काही नाही. बाकीही जुळत आहेतच. आईला सांगा, मोठ्याचा नकाशा म्हणजे नकाशा.

साबणाची एक वडी न वापरता कागदात गुंडाळून ठेवली आहे.

तुमचा
भाऊजी


२० जानेवारी

भाऊजी,

पेटी मिळाली. नऊ ते सोळा ठीक आहेत. सतराबद्दल लिहिते.

आमच्या चाळण्या सात असतात, एकीखाली एक, खालची वरचीपेक्षा बारीक. नमुना वाळवून वर ओततो, हलवतो, आणि प्रत्येक चाळणीवर किती राहिलं ते तोलतो. शेजारशेजारच्या दोन ठिकाणांचेही आकडे कधी सारखे येत नाहीत. बारा वर्षांत मी तरी पाहिले नाहीत. तुमच्या बारा नंबरच्या बरणीत तिसऱ्या चाळणीवर २.४१ ग्रॅम राहिले आणि सतरा नंबरच्या बरणीत २.४०. चौथीवर ६.०८ आणि ६.०९. पुढेही तसंच. एकाच पातेल्यातून दोन वाट्या वाढल्या की अशा येतात. समुद्र इतका सारखा वाढत नाही.

शिवाय पाण्याचा तक्ता तुम्ही खरा पाठवलात. बारा नंबरला तबकडी अडीच मीटरवर दिसेनाशी झाली, पाणी गढूळ, प्रवाह जेमतेम. सतरा नंबरला ती नऊ मीटरपर्यंत दिसली, आणि तळाजवळ प्रवाह सेकंदाला पाऊण मीटर. एवढ्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली असला दाट चिखल राहत नाही. आई दुपारी पुसलेल्या फरशीवर कुणाला टेकू देत नाहीत, तसा तो प्रवाह चिखलाला टेकू देणार नाही. खोटं बोलायचं तर सगळीकडे बोलावं लागतं. तुम्ही फक्त बरणीपुरतं बोललात.

तुम्ही असं का केलंत ते मला कळतं. म्हणून रागावत नाही. पण माझ्या टेबलावरून जे पुढे जातं त्यावर माझी सही असते.

सतरा नंबरला काय मिळालं ते लिहा. मी रडणार नाही. रडले तरी हरकत नाही, नमुने आम्ही ओव्हनमध्ये वाळवूनच तोलतो.

कठडा नीट झाला का?

वहिनी


२३ जानेवारी

वहिनी,

लहानपणी दादाच्या कंपासपेटीतली पेन्सिल घेतली होती आणि 'मांजराने नेली' म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "मांजराला टोकयंत्र पण दे." आज तुमचं पत्र वाचताना तसंच कान गरम झाले.

खरं लिहितो. सतरा नंबरला मगर खाली सोडली, वर आली ती तोंड उघडं ठेवून. जबड्यात एक खडा अडकलेला, बाकी सगळं पाण्याबरोबर गळून गेलेलं. दुसऱ्यांदा सोडली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आली ती दोन मुठींएवढा गोटा दातांत धरून. कप्तानने तो बोटीत ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी नकाशाकडे बघितलं. दादाच्या अक्षरात स्वच्छ लिहिलं होतं, 'मऊ चिखल'. नंबर पुन्हा तपासला, जागा पुन्हा तपासली. चूक माझी नव्हती.

मग मला तुमचा तो बाक दिसला. आणि आई. दादा गेला तेव्हा आलेला प्रत्येक माणूस दारातून एकच वाक्य बोलत आत येत होता, "बिनचूक माणूस हो." मी खुर्च्या मांडत होतो, ते वाक्य चाळीस वेळा ऐकलं. मनात आलं की त्याचं एवढंच उरलंय आणि तेही माझ्याच हातून जायचं? हे काम मी मागून घेतलं होतं, वहिनी. त्याचं काम आपण पुरं करू असं वाटलं होतं. पुरं करायच्या ऐवजी पुसत बसलो असतो. बारा नंबरचा चिखल बादलीत उरला होता. तो सतराच्या बरणीत भरला. कप्तानने तोंड फिरवलं. विडीही पेटवली नाही, यावरून काय ते समजा.

आता सतराची खरी बरणी पाठवतो आहे. वाटाण्याएवढ्या खड्यांपासून पुढे. मोठा गोटा बरणीत मावला नाही, तो खोलीत ठेवला आहे. अठरा ते बावीसही झाले. अठरा आणि वीस चिखल आहेत. एकोणीस, एकवीस, बावीस दगड. सोळा नंबर खरोखर चिखल होता, तिथे मी काही केलेलं नाही. म्हणजे दादाचं एकूण चार ठिकाणी चुकलं आहे, आणि चारही पाइपच्या वाटेवर.

चिखल समजून पाइप तिथे टाकली तर ती त्या दगडांवर घासत राहील. हे मला त्याच दिवशी कळत होतं. तरी बरणी भरली. तुम्ही म्हणाल तसं लिहून देतो, साहेबांनाही.

कठडा झाला. दोनदा करावा लागला.

भाऊजी


२७ जानेवारी

भाऊजी,

साहेबांना मी सांगितलं की सतराची पहिली बरणी चुकीची भरली गेली होती, दुसरी खरी आहे. 'चुकीची भरली गेली' यात खोटं काही नाही. तुमचं पत्र दाखवलं नाही. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, मग नकाशा उतरवावा लागेल." शिपाई स्टूल घेऊन आला. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा. शिपाई स्टुलावरून उतरला आणि स्टूल तिथेच ठेवून गेला. मी त्या दिवशी डबा उभ्यानेच खाल्ला.

तुम्ही बिनचूक माणसाबद्दल लिहिलंत. भाऊजी, माणूस गेला की फार बिनचूक होतो. मी या माणसाबरोबर एकोणीस वर्षं राहिले. त्यांनी स्वयंपाकघरात लावलेल्या फळीवरून डबे आपोआप डावीकडे सरकतात. त्या फळीसाठी त्यांनी पातळी बघायची पाणसळ वापरली होती, हे विशेष. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला गेले, आहेर दिला, पोटभर जेवले, घरी येऊन नवरामुलगा फार उंच आहे म्हणून सांगितलं. ते शेजारच्या हॉलमधलं लग्न होतं. आमचा नवरामुलगा माझ्या खांद्याला लागतो. चौदा महिन्यांत हे कुणाशी बोलता आलं नाही. सगळे बिनचूक, बिनचूक म्हणत होते आणि मला वाटायचं, हे कुणाबद्दल बोलतायत? माझे ते कुठे गेले?

आईंना सांगायला घाबरत होते. काल सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मोठा चुकला? त्यात काय नवल. तिसरीत सव्वीस त्रिक बहात्तर लिहून आला होता. वर मलाच समजावत होता की गुरुजी चुकले." मग थोडा वेळ सोलत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला वाईट वाटेल म्हणून मी आपली बोलत नव्हते." दोघी हसलो. त्या आधी हसल्या.

आता मुद्द्याचं. आज सकाळी आईंना पुन्हा त्या शिशाच्या गोळ्यावर ठेच लागली. या वेळी त्यांनी तो खरंच लाथेने उडवला आणि तो आडवा पडला. मी उचलायला गेले. त्याच्या बुडाला वाटीसारखा खळगा आहे, हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. बूड कायम जमिनीकडे असायचं. खळग्यात काहीतरी करडं-पिवळट, दगडासारखं घट्ट बसलेलं होतं. नखाने खरवडलं. कडेला हिरवा रंग निघाला. वास अगदी थोडा होता, पण मी ओळखला.

साबण आहे, भाऊजी. माझा हिरवा साबण.

तो गोळा दाराचा टेकू नाही, दोरीला बांधून खोली मोजायचं वजन आहे. आमच्या जुन्या पुस्तकात वाचलेलं आठवलं. ग्रॅब नसेल तर वजनाच्या बुडाला साबण किंवा चरबी लावून सोडतात. तळाला टेकलं की जे चिकटेल ते वर येतं. पण वर येतो तो फक्त चिकटणारा पापुद्रा. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबतं तेव्हा दगडांवरही गाळाचा पातळ थर बसतो आणि प्रवाह सुरू झाला की उडून जातो. तो थर साबणाला चिकटेल. खालचा दगड चिकटणार नाही.

यांनी ग्रॅब वापरली होती ना? कप्तानला विचारा. सोमवारच्या आत उत्तर हवं. टाकीच्या शिडीवर चढावं लागलं तरी चढा.

वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

शिडीवरून जे ओरडलो त्यातलं तुम्हाला "हो" एवढंच ऐकू गेलं असं वाटतं. बाकीचं लिहितो, साहेबांना दाखवायला कागद हवाच.

कप्तानला विचारलं, "त्या वेळी मगर होती का?" तो म्हणाला, "होती की. पंधरा नंबरपर्यंत." मी म्हटलं, "आणि मग?" तर म्हणे, "मग साखळी तुटली, मगर समुद्रात. ती अजून तिथेच असेल, सोडून ये तुझी पण." मी विचारलं, एवढे दिवस मला का नाही सांगितलंस? "तू विचारलंस कुठे? तू तर आल्यापासून बिनचूक, बिनचूक करत होतास. म्हटलं, जाऊ दे, भाऊ आहे."

पुढचं त्याच्याच शब्दांत. "नवी मगर यायला आठ दिवस लागले असते. तुझा भाऊ म्हणाला, आठ दिवस नाही थांबता येणार. माझ्याकडे शिशाचा गोळा होता, तो मागितला. म्हटलं, बुडाला चरबी लागते, ती नाही. तर पिशवीतून साबण काढला. हिरवागार, वासाचा. मी म्हटलं, अरे, बायकोने अंघोळीला दिला असेल. म्हणाला, समुद्राला घालतो अंघोळ. दोन दिवसांत सात ठिकाणं केली, पाणी थांबायची वाट बघून बघून. शेवटच्याला तर गोळा पुसलासुद्धा नाही, तसाच पिशवीत टाकला आणि बोटीत उडी मारली. माझा गोळा घेऊन गेला तो गेलाच."

मी विचारलं, एवढी घाई कसली होती? कप्तान म्हणाला, "सोमवारी बायको कामावर रुजू होणार, पहिला दिवस आहे, तिला सोडायला जायचंय. म्हणे, ती एकटी गेली तर फाटकातून परत येईल."

वहिनी, हे मी पदरचं नाही घातलं. कप्तान म्हणाला तसंच लिहिलं आहे.

नोंदीचा जुना छापील कागद इथल्या फाइलमध्ये आहे, तोही बघितला. त्यात 'काय मिळालं' असा रकाना आहे. 'कशाने काढलं' असा रकानाच नाही. दादाने जे मिळालं ते लिहिलं.

भाऊजी


४ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. त्या दिवशी उत्तर लिहायला बसले होते, पण लिहिलं नाही.

तो सोमवार मला आठवतो. ते बॅग खांद्यावर घेऊन परस्पर फाटकाशी आले होते, अंगाला तो वास. मी खरंच परत फिरले होते. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली आणि म्हणाले, "चल, मी दारापर्यंत येतो." दारापर्यंत आले. परवा सोमवारी सकाळी मी पिशवीत तो गोळा घेऊन त्याच फाटकातून आत गेले. जड आहे. दोनदा हात बदलला.

गोळा साहेबांच्या टेबलावर उलटा ठेवला. भिंग दिलं. साबणावर करडा गाळ आहे आणि गाळाखाली चार खळगे, मुगाच्या दाण्याएवढे, कडा धारदार. साबण खड्यांवर टेकल्याच्या खुणा. शेवटचं ठिकाण बावीस, आणि तुम्हालाही बावीसला दगडच मिळाले. खूण यांच्या हातात होती, यांनी बघितली नाही. फाटकाची घाई होती.

तुमचं पत्र साहेबांनी दोनदा वाचलं. मी म्हटलं, चूक कुठे सुरू झाली ते आता माहीत आहे. एक ते पंधरा ग्रॅबने काढलेले आहेत आणि आपल्या नव्या नमुन्यांशी जुळतात. सोळापासून पुढे साबण. तेवढेच बदलायचे. साहेबांनी पुन्हा एकदा भिंगातून गोळा बघितला. मग म्हणाले, "बाई, तुमचे यजमान फार व्यवस्थित चुकले." मग शिपायाला हाक मारून स्टूल उचलून न्यायला सांगितलं.

नकाशा भिंतीवर आहे. सोळा ते बावीसवर तुमच्या नोंदींची पट्टी येईल, खाली तुमचं नाव. पाइप उत्तरेकडून जाईल, नऊ ते चौदामधून, तिथे चिखल खरा आहे. छापील कागदात नवा रकाना घातला, 'कशाने काढला'. तो मी सुचवला.

अर्धा साबण मी काढला, अर्धा खळग्यातच ठेवला. काढलेला कोमट पाण्यात विरघळवला, गाळून घेतला, वाळवला. गाळ भरला ०.३८ ग्रॅम. कमी आहे, पण नमुना आहे, म्हणून बरणीत घालून रीतसर चिठ्ठी केली. ठिकाण बावीस. तारीख बारा वर्षांपूर्वीची. कशाने काढला: साबणाने. पुढे रकाना होता, नमुना आणणाऱ्याचं नाव. गेल्या चौदा महिन्यांत मी कितीतरी अर्जांवर त्यांचं नाव लिहिलं आणि प्रत्येक वेळी आधी 'कै.' लावावं लागलं. या चिठ्ठीवर ते लावायची गरज नव्हती. त्या तारखेला ते होते. नुसतं नाव लिहिलं, पूर्ण. अक्षर चांगलं आलं.

गोळा साहेबांनी ठेवून घेतला आहे, काचेच्या कपाटात. कप्तानला सांगा, त्याची हरकत असेल तर परत मागते. आमच्या स्वयंपाकघराचं दार मात्र आता दिवसभर आपटतं. आई म्हणतात, "होता तेव्हा पायात यायचा, नाही तर जीव दचकतो."

परत कधी येताय?

वहिनी


८ फेब्रुवारी

वहिनी,

ही शेवटची पेटी. गुरुवारी मी येतो. मध्यभागी बसून.

कप्तान म्हणाला, गोळा राहू दे कपाटात, पण त्याखाली चिठ्ठी लावा की गोळा कप्तानचा. आणि साबण बायकोचा, हेही लिहा म्हणाला.

पेटी जड वाटेल. बरणी एकच आहे, बाकी सतरा नंबरचा तो मोठा गोटा. धुतला आहे, साबणाने. तुमची राखून ठेवलेली वडी त्यात संपली, म्हणजे या खेपेलाही एकही परत नाही. गोट्यावर चिठ्ठी चिकटवली आहे: 'ठिकाण सतरा. चाळायची गरज नाही. दाराला लावा.'

भाऊजी


१० फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही गुरुवारी निघण्याआधी हे पोचेल अशा हिशेबाने लिहिते.

गोटा मिळाला. दाराला लावला. एका बाजूने सपाट आहे, त्यामुळे हलत नाही. दार आता आपटत नाही.

आईंना संध्याकाळीच ठेच लागली. अंगठा धरून खाली बसल्या, गोट्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "हा मोठ्याचाच."

वहिनी